बारी पुढं सरकतीय का?

आषाढीला पंढरपुरात दर्शनबारीतला माणूस पुढच्याला विचारतो, "सरकतीय का?" सरकली तर कळतं. नाही सरकली, तर कायमची अडकली की घटकाभर थांबली, हे जागेवरून कळत नाही. प्रोग्रॅम कधी थांबेल का, हे तो नुसता चालवून पाहणाऱ्याची हीच गत: थांबला तर कळतं, नाही थांबला तर कळत नाही.

म्हणून 'थोडा वेळ चालवून बघतो, थांबला नाही तर कधीच थांबणार नाही म्हणतो' हे मला पटत नाही. आधीचीच स्थिती हुबेहूब परत आली तर गोष्ट वेगळी. मग तो फिरतच राहणार. पण ॲलन ट्युरिंगच्या १९३६च्या निबंधातून निघतं ते असं: प्रत्येक प्रोग्रॅम थांबेल की नाही, हे अचूक सांगणारा प्रोग्रॅम असूच शकत नाही. असता, तर त्यालाच विचारून नेमकं उलट वागणारा प्रोग्रॅम लिहिता आला असता.

काही ठिकाणी मात्र खात्रीनं सांगता येतं. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांची रीत घ्या. ३५२४चे अंक उतरत्या-चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत जा: ३०८७, ८३५२, ६१७४. सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या फार तर ७ पायऱ्यांत ६१७४वर येते. संख्या मोजक्या, एकेक तपासता येतात.

आता दुसरी रीत: कुठलीही संख्या घ्या, सम असेल तर निम्मी, विषम असेल तर तिप्पट अधिक एक करत जा. प्रत्येक संख्या १ वर येते का, हे अजून सिद्ध झालेलं नाही. २७ घेऊन बघा. १११ पायऱ्या लागतील.