सिकलसेल आणि दोन प्रकारचे उंदीर

गोंदिया जिल्ह्यातील अनेक कुटुंबे सिकलसेलच्या वेदना जाणतात. आईवडील दोघांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सदोष जनुकामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. उंदरांना हा आजार निसर्गतः होत नाही. म्हणून १९९७ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांची मूळ हिमोग्लोबिन जनुके निकामी करून मानवी सिकलसेल जनुके त्यांच्यात घातली.

तुलनेसाठी जनुके न बदललेले उंदीर सोबत ठेवतात. त्यांना ‘वाइल्ड टाइप’ म्हणतात. मात्र ते रानातले नसून प्रयोगशाळेतच वाढलेले असतात. वय व आहार सारखा ठेवल्यावर उरणारा फरक जनुकाचा मानता येतो. औषधाने तो किती घटला, हेही या तुलनेतूनच कळते.

मानवी जीवनरक्षणासाठी असे प्रयोग वाजवी मर्यादेत ख्रिस्तसभेला मान्य आहेत. प्राण्यांना निष्कारण यातना देणे मान्य नाही. दोन्हींचे भान असावे, असे आम्हांला वाटते.