सोमवारची छाती

किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांस ‘पडाव’ म्हटले की माल वाहणारी नाव आठवेल. ग्वाल्हेरीत मात्र पडाव म्हणजे मुक्काम. रेल्वे स्थानकाजवळच्या एका वस्तीचे ते नाव आहे. त्याच शहरातील लष्कर हे नावही शिंद्यांच्या छावणीवरून पडलेले. म्हणूनच तेथे मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. पडावाकडून आग्र्याच्या दिशेने निघाले की पुढचे स्थानक बिर्लानगर. घनश्यामदास बिर्ला यांनी १९२१ साली स्थापिलेल्या जियाजीराव कॉटन मिलमुळे ही वस्ती वाढली. १९९० नंतरच्या काही वर्षांतच ती गिरणी बंद पडली.

गिरणी बंद पडते, भोंगा थांबतो, पण कामगाराने छातीत साठविलेले त्याच्याबरोबर घरी येते. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांच्या घरची माणसे खपली त्यांना हे वेगळे सांगावयास नको. कापूस फोडण्याच्या व पिंजण्याच्या खात्यांत बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षे ती श्वासावाटे आत गेल्याने जो विकार जडतो त्यास बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी चमत्कारिक आहे. रविवारची सुटी भोगून माणूस सोमवारी कामावर गेला की त्याची छाती आवळते. मंगळवारी, बुधवारी बरे वाटते. आळशी मनुष्यास सोमवार नकोसा होतो असे मुकादम म्हणे, आणि बिचारा कामगारही ते खरे मानी! पुढे हा त्रास आठवडाभर राहू लागतो आणि मग तो पुरता मागे हटत नाही.

मोदेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्यास ‘तुझा धंदा कोणता?’ असेही विचारावे, असे त्याने वैद्यांस बजाविले. तीनशे वर्षे लोटली. हा प्रश्न आजही किती दवाखान्यांत विचारला जातो?

अलीकडे मोठ्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत कामगारांच्या आरोग्याचे स्वतंत्र प्रकरण असते. शेअर बाजारातील सर्वांत मोठ्या १००० कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरण व कामगारहित यांचा हिशेब द्यावाच लागतो. ही गोष्ट चांगली आहे. परंतु चित्रे पाहावीत तर योगासने, रक्तदाबाची तपासणी आणि रोपे लावणारे साहेब! तपासणी वाईट असे आम्ही म्हणत नाही. धुळीच्या कामावर गुळाचा खडा देण्याची आपल्याकडील रीतही प्रेमाचीच होती. पण गुळाने धूळ कमी झाली नाही.

येथे कायदा आमच्या मते अधिक शहाणा ठरला. १९४८ च्या कारखाने कायद्याचे १४ वे कलम सांगे की, धूळ जेथे उत्पन्न होते तेथेच, शक्य तितक्या उगमाजवळ, ती ओढून घ्यावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली असून तीत कामगारांच्या मोफत वार्षिक तपासणीची तरतूद आहे. तसेच २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यास लावण्यास सांगितले. परंतु केवळ स्वतःच्या नोकरांसाठी केलेला खर्च त्यात धरता येत नाही. योग्यच आहे. कामगाराचा श्वास हा दानधर्माच्या खात्यावर मांडण्याचा विषय नव्हे.

‘एवढे केले तर धंदा बुडेल’ हे उत्तर जुने आहे. अमेरिकेत १९७८ साली कापसाच्या धुळीवर मर्यादा घातली गेली तेव्हा गिरणीवाल्यांनी हेच सांगितले आणि ते न्यायालयात गेले. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने धुळीची ती मर्यादा उचलून धरली. मग नवी यंत्रे आली, धूळ ओढणारी यंत्रणा बसली. खर्च अंदाजाहून पुष्कळ कमी आला आणि नव्या यंत्रांवर सूतही अधिक निघू लागले.

आपला मुलगा वा जावई सूतगिरणीत असेल, तर सणाला घरी आल्यावर त्याला पगाराबरोबर सोमवारचेही विचारावे. तो निवृत्त झालेला असेल आणि त्याने कामगार राज्य विम्यात निदान पाच वर्षे काढली असतील, तर अल्प वार्षिक वर्गणी भरून त्याला व पत्नीला विम्याच्या दवाखान्यात उपचार घेता येतात. कित्येक घरांत ते जुने विमापत्र ट्रंकेच्या तळाशी पडलेले असते.