घोडा दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवताना

माळेगाव किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून हौसेने घोडा आणला, पण दारात जागा नसली तर बीडसारख्या शहरातही तो दुसऱ्याच्या तबेल्यात ठेवावा लागतो. तबेला निवडताना आधी पाणी पाहा. घोड्याला रोज साधारण 25 ते 40 लिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बोअर आटला तर सोय काय, हे विचारा. ठाण सुमारे 12 बाय 12 फुटांचे, कोरडे व हवेशीर हवे. कडबा बुरशीचा नको. त्याने पोटशूळ उठू शकतो. खरारा, नालबंदी आणि धनुर्वाताची लस ही जबाबदारी कोणाची, ते लिहून घ्या. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो. म्हणून रक्ततपासणीशिवाय नवा घोडा आत घेणारा तबेला टाळाच.