कूलरचे पाणी आणि घराचे आरोग्य

होळी झाली की विदर्भात आणि मराठवाड्यात माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागतात. चंद्रपूर, नागपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नवतपात तर रात्रीही भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी कूलर ही चैन नसून गरजच असते. परंतु निगा न राखलेला कूलर दोन प्रकारे जिवावर बेतू शकतो. एक विजेच्या धक्क्याने आणि दुसरा डासांमुळे.

आधी वीज, मग पाणी

कूलरचा पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या वायरीचे आवरण जुने होऊन तडकले की वीज पाण्यात आणि तेथून पत्र्याच्या टाकीत उतरते. हात लावताच झिणझिण्या येतात. "आमचा कूलर जरा करंट मारतो" असे अनेक घरांत सहज बोलले जाते. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. मोठ्या माणसाला पायात चप्पल असताना नुसत्या झिणझिण्या जाणवतात, पण त्याच कूलरला ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या लहान मुलाचा हात लागला, तर ते दगावू शकते.

म्हणून हंगामाच्या सुरुवातीलाच वीजतंत्र्याकडून पंप, वायर आणि अर्थिंग तपासून घ्यावे. पुष्कळ घरांत तीन पिनांचा प्लग काढून दोन पिनांचा लावतात आणि हिरवी तार तोडून टाकतात. ती तारच आपली राखणदार असते. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे सुरक्षा उपकरण बसवल्यास उत्तमच. टाकीत पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लगही काढावा आणि हात कोरडे असावेत.

कोणी विजेला चिकटलेच, तर त्याला हात लावू नये. प्रथम मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकलावे. श्वास बंद असल्यास छाती दाबण्याचा प्रथमोपचार सुरू करून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आठवड्यातून एकदा कोरडा दिवस

डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. कूलरची टाकी ही त्याची आवडती जागा. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक वार ठरवून टाकी पूर्ण रिकामी केली, तर ही साखळी तुटते. रोज वरून दोन बादल्या पाणी ओतल्याने टाकी स्वच्छ होत नाही.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. मादी डास पाण्याच्या पातळीच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात आणि पाणी मिळताच फुटतात. म्हणून टाकी नुसती उपसू नये, ब्रशने घासून घ्यावी आणि उन्हात वाळू द्यावी. पाऊस सुरू झाला की कूलर अंगणात तसाच विसरला जातो व त्यात पाणी साचते. डेंग्यूचे रुग्ण वाढतात ते याच दिवसांत. हंगाम संपताच टाकी घासून, पुसून, झाकून ठेवावी.

हा डास दिवसा चावतो, हेही ध्यानी असू द्यावे. अचानक तीव्र ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, सांधे व अंग ठणकणे अशी लक्षणे दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे. आपल्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ताट्या आणि खिडकी

वाळ्याच्या वा गवताच्या ताट्या दरवर्षी बदलाव्यात. जुन्या ताट्यांवर क्षार आणि बुरशी साचते. मग हवा कमी येते, वास येतो आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो.

कूलर लावला की दारे-खिडक्या बंद करण्याची चूक बहुतेक घरांत होते. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते, म्हणून थंडावा येतो. ही दमट हवा बाहेर जायला वाट नसेल, तर खोलीत चिकचिक वाढते, घाम वाळत नाही आणि जीव घाबरा होतो. म्हणून कूलरच्या समोरच्या बाजूची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी. तान्ही बाळे आणि वृद्ध यांच्या अंगावर थेट झोत येऊ देऊ नये.

आठवड्यातला अर्धा तास आणि वीजतंत्र्याची एक फेरी, एवढीच ही निगा आहे. या रविवारीच सुरुवात करावी.