बळ आणि टिकाव : महाविद्यालयीन हॉकीच्या दोन घड्या

एखाद्या लीगचे बळ आणि तिचा टिकाव या दोन गोष्टी क्रीडाचर्चेत सहसा एका दमात बोलल्या जातात. परंतु महाविद्यालयीन हॉकीत त्या बऱ्याचदा एकमेकींच्या मुळावर येतात, आणि सुरतेतील महाविद्यालयांच्या मैदानी हॉकीची घडी अमेरिकी विद्यापीठांच्या बर्फावरील हॉकीशेजारी ठेवली की हे स्पष्ट होते.

लीग, म्हणजेच साखळी पद्धत, ही ठरलेल्या संघांनी हंगामभर आपापसांत खेळण्याची व्यवस्था होय. तीत एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असल्याने विजय-पराभवांची बेरीज सारखीच येते, मग लीग बलाढ्य असो वा दुबळी. म्हणून गुणतक्ता कितीही चुरशीचा असला तरी लीगचे बळ त्यावरून कळत नाही, ते कळते बाहेरच्या संघांशी झालेल्या सामन्यांतून. अमेरिकेत २०१६ ते २०२५ या काळात झालेल्या ९ राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांपैकी ७ ‘नॅशनल कॉलेजिएट हॉकी कॉन्फरन्स’ या एकाच लीगमधील संघांनी जिंकल्या, आणि बळाचा याहून ठसठशीत पुरावा शोधण्याची गरज नाही.

या बलाढ्य लीगचा जन्म मात्र फाटाफुटीतून झाला. टेरी पेगुला यांनी २०१० मध्ये दिलेल्या ८ कोटी ८० लाख डॉलरच्या देणगीतून पेन स्टेट विद्यापीठाचा अव्वल श्रेणीतील संघ उभा राहिला आणि ‘बिग टेन’ या मातब्बर विद्यापीठांच्या गटाला स्वतंत्र हॉकी लीग काढण्यापुरते सहा संघ मिळाले. मिशिगन, मिनेसोटा आदी संघ आपापल्या जुन्या लीग सोडून तिकडे जाणार हे दिसताच उरलेल्यांतील वजनदार संघांनी २०११ मध्ये वरील नवी लीग जाहीर केली. ‘सीसीएचए’ ही जुनी लीग २०१३ मध्ये बंद पडली, तिच्यातील काही संघ ‘डब्ल्यूसीएचए’ या दुसऱ्या जुन्या लीगच्या आश्रयाला गेले, आणि पुढे तेथूनही सात संघांनी बाहेर पडून २०२१ मध्ये ‘सीसीएचए’ हेच नाव पुन्हा वर काढले, तेव्हा डब्ल्यूसीएचएची पुरुषांची लीगही आटोपली. मानाचे पाहुणे उठले की पंगतच उठते, तसा हा प्रकार.

सुरतेत अशी पळवापळवी संभवत नाही, कारण तेथे संघाचे प्रतिस्पर्धी संलग्नतेने, म्हणजे महाविद्यालयाच्या पदवी देणाऱ्या विद्यापीठाशी असलेल्या कायदेशीर नात्याने ठरतात. सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून निवडला जाऊन भारतीय विद्यापीठ महासंघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो आणि तेथे पहिल्या चारांत आला तर अखिल भारतीय स्पर्धेला जातो. १९१८ मध्ये स्थापन झालेले सुरतेचे एम.टी.बी. महाविद्यालय आधी मुंबई विद्यापीठाकडे, मग गुजरात विद्यापीठाकडे आणि १९६० च्या दशकात सुरतेतच विद्यापीठ झाल्यावर त्याच्याकडे गेले. सोबती बदलले, पण ते कायद्याने, कुणाच्या देणगीने नव्हे.

संलग्नतेची ही रेघ किती काटेकोर असते ते सुरत-भुसावळ मार्गावरील नवापूर स्थानकात दिसते, जेथे तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत, आणि फलाटावरील एक बाक अर्धे इकडे, अर्धे तिकडे आहे. बाकाच्या एका टोकाचा मुलूख सुरतेच्या विद्यापीठाचा, दुसऱ्या टोकाचा जळगावच्या. एका गाडीने ये-जा करणारी मुले विद्यापीठाच्या संघातून समोरासमोर यायची, तर वाट पश्चिम विभागातूनच जाते.

या टिकावाची किंमत सामन्यांच्या संख्येत मोजावी लागते. अशा स्पर्धा बहुधा बाद पद्धतीने, म्हणजे हरला तो घरी गेला या नियमाने होतात. १६ संघांची अशी स्पर्धा १५ सामन्यांत संपते आणि त्यांतील ८ संघ एकच सामना खेळून परततात, तर संपूर्ण साखळीला १२० सामने लागतात. एका सामन्यावरून ना खेळाडू घडतो, ना निवड समितीला त्याची पारख होते. त्यातच हॉकी हा सुरतेचा मुख्य खेळ नव्हे, शहराचा क्रीडालौकिक तूर्त हरमीत देसाई आणि मानव ठक्कर यांच्या टेबल टेनिसवर उभा आहे. २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही टेबल टेनिस सुरतेला आणि हॉकी राजकोटला गेली. तरीही बाद आणि साखळी यांमधला मार्ग फार महाग नाही. त्याच १६ संघांचे चौघाचौघांचे गट पाडून गटविजेत्यांत उपांत्य व अंतिम सामने घेतल्यास २७ सामन्यांत काम भागते आणि प्रत्येक संघाला किमान तीन सामने मिळतात. त्यासाठी संलग्नतेच्या घडीला हात लावावा लागत नाही, मैदान मात्र काही दिवस अधिक मोकळे ठेवावे लागते.