मांडवातले आणि मांडवाबाहेरचे

रिओ दि जानेरोतलं साओ क्रिस्तोव्हाओचं पटांगण, 17 मे 1888. अंतोनियो लुईझ फेरेरा यांनी टिपलेला हा फोटो मी स्क्रीनवर मोठा करत चाललोय. माणसाला माणूस खेटलेला. उघड्यावर आभाराची प्रार्थना आहे, पण कितीतरी मंडळींचं लक्ष कॅमेऱ्याकडेच! फोटो निघतोय म्हटल्यावर देव जरा थांबू शकतो.

मांडवाखाली राजकन्या इझाबेल, सोबत नवरा. बाप, सम्राट पेद्रू दुसरा, आजारी, युरोपात. त्यामुळे गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यावर चार दिवसांपूर्वी, रविवारी, सही केली ती हिनेच. अमेरिका खंडात गुलामी सगळ्यांत शेवटी सोडणारा देश म्हणजे हा ब्राझील. कायद्यात कलमं दोनच: आजपासून गुलामगिरी संपली, याविरुद्धचे नियम रद्द. जमीन, मजुरी, शाळा, कशाचंही अवाक्षर नाही. (या फोटोच्या सहाच दिवस आधी मुंबईत मांडवीला जोतीराव फुल्यांना लोकांनी ‘महात्मा’ केलं. अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना त्यांनी ‘गुलामगिरी’ हे आपलं पुस्तक अर्पण केलं, ते 1873 मध्ये.)

आता राजकन्येच्या जवळच्या घोळक्यात शिरतो. दाढीवाला, चष्मेवाला, चेहरा अर्धवट झाकलेला एक गृहस्थ. हे माशादो दि असिस, ब्राझीलचे सगळ्यांत मोठे कादंबरीकार. या गर्दीत ते आहेत हे लक्षात यायला 2015 उजाडलं! वडिलांकडचे आजी-आजोबा गुलामीतून सुटलेले. स्वतः कृषी खात्यात अधिकारी. गुलाम आईच्या पोटी जन्मलेल्या मुलाला स्वतंत्र ठरवणाऱ्या 1871 च्या कायद्याची प्रकरणं त्यांच्याच टेबलावरून जायची. म्हणजे या मांडवात या विषयाचे कागद त्यांच्याइतके वाचलेला माणूस विरळाच. आणि उभे कसे, तर आपण आलोच नाही असे.

झोझे दो पात्रोसिनियो हा कृष्णवर्णीय पत्रकारही इथेच आहे. गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यासाठी त्याने रान उठवलं होतं.

मांडव सोडून मागे सरकतो. टोप्या, डोकी, पुन्हा डोकी. ओळख पटली आहे ती बहुतेक मांडवातल्या बड्यांची. ज्यांच्या सुटकेचा हा सोहळा, त्यांची नावं शोधायला जावं तर तिथेही गोम आहे. 14 डिसेंबर 1890 ला, राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आल्यावर, अर्थमंत्री रुई बार्बोझांनी खात्यातली गुलामगिरीची दप्तरं जाळायचा हुकूम काढला. जुने मालक भरपाई मागत होते, त्यांच्या हाती पुरावा राहू नये, असं त्याचं कारण सांगतात.