तुमची आई तुमचीच, कशावरून?

बालमित्रांनो, आज एक अगदी सोपा प्रश्न. तुमची आई ही तुमचीच आई आहे, हे सिद्ध करून दाखवा पाहू!

हसलात ना? "हा काय प्रश्न झाला? आई ती आईच!" असंच म्हणाल तुम्ही. शेजारच्या काकूंना विचारा, शाळेतल्या बाईंना विचारा, गल्लीतल्या कुणालाही विचारा. सगळे सांगतील. पण समजा, विचारणारा माणूस तुमच्या गल्लीतला नाही, गावातला नाही, देशातलाही नाही. तो टेबलापलीकडे बसलाय आणि म्हणतोय, "कागद दाखवा." मग?

दरवर्षी जगातल्या लाखो मुलांना या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. कुणाचे बाबा नोकरीसाठी अमेरिकेत असतात, कुणाची आई इंग्लंडमध्ये नर्स असते. त्यांच्याकडे राहायला जायचं तर नुसतं विमानाचं तिकीट पुरत नाही. व्हिसा लागतो.

पासपोर्ट आपला, व्हिसा त्यांचा

पुष्कळांची इथे गल्लत होते. पासपोर्ट आपला देश देतो. "हा आमचा नागरिक" असं तो जगाला सांगतो. व्हिसा मात्र ज्या देशात जायचं तो देश देतो. "हे कागद आम्ही पाहिले, याला यायला हरकत नाही," असा त्याचा अर्थ. व्हिसा हा शब्द लॅटिन भाषेतून आलाय आणि त्याचा मूळ अर्थच आहे 'पाहिलेले'!

व्हिसाचे प्रकार अनेक. फिरायला जाणाऱ्यांचा वेगळा, शिकायला जाणाऱ्यांचा वेगळा, आणि घरच्या माणसांकडे राहायला जाणाऱ्यांचा वेगळा. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीला किंवा पतीला आणि एकवीस वर्षांखालच्या अविवाहित मुलांना एच-फोर नावाचा व्हिसा मिळू शकतो. 'पत्नी', 'पती', 'मुलं' हे शब्द नीट वाचा. त्यात आजी नाही, काका नाही, चुलतभाऊ नाही. आपल्याकडे कुटुंब म्हटलं की पंगतीला वीस पानं मांडावी लागतात. कायद्याचं कुटुंब बहुतेक वेळा चारच माणसांचं असतं.

म्हणूनच व्हिसा अधिकाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो नात्याचा. हा मुलगा खरंच यांचा मुलगा की पुतण्या? अधिकारी काही दुष्ट नसतो. कुणी खोटे कागद करून भलत्याच मुलाला नेत नाही ना, हे पाहणं त्याचं काम असतं. मुलांना फसवून पळवून नेणारेही असतात, आणि ही तपासणी त्यांनाही अडवते. पण खरं बोलणाऱ्याकडे कागद नसला, तर काय होतं? याची एक गोष्टच सांगायला हवी.

सिल्हेटची मुलं

बांगलादेशात सिल्हेट नावाचा भाग आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथले पुष्कळ पुरुष ब्रिटनला कामासाठी गेले. गिरण्यांत राबले, हॉटेलांत भांडी घासली. घरी पैसे पाठवत राहिले. पुढे त्यांना वाटलं, आता बायको-मुलांना इकडे आणावं. त्यांनी रीतसर अर्ज केले.

अडचण अशी, की त्या खेड्यांत तेव्हा जन्माची नोंद फारशी होतच नसे. मग ढाक्याच्या ब्रिटिश कचेरीत मुलाखती व्हायच्या. मुलाखतीचा नंबर लागायलाच वर्ष-दोन वर्षं जायची. आईला, मुलाला, काकाला वेगवेगळं बसवून तेच तेच प्रश्न विचारत. घरात खोल्या किती? गुरं किती? शेजारी कोण?

आता बघा हं. तुमच्याच घरी हा प्रयोग केला तर? आई म्हणेल, "खोल्या तीन." तुम्ही स्वयंपाकघर धरून म्हणाल, "चार." दोघंही खरंच बोलताय! पण कागदावर काय उमटलं? उत्तरं जुळत नाहीत. आणि अशा न जुळणाऱ्या उत्तरांवरून कित्येक खऱ्या मुलांना नकार मिळाला. वय ठरवायला म्हणून हाडांचे एक्स-रेसुद्धा काढत. त्यावरून वय नेमकं सांगता येत नाही, अशी टीका झाली आणि १९८२ साली ब्रिटनने तो प्रकार बंद केला.

मग नातं ओळखायचं तरी कसं? उत्तर आलं एका प्रयोगशाळेतून.

सोमवारी सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी

१० सप्टेंबर १९८४. वार सोमवार. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीज नावाचे शास्त्रज्ञ एक एक्स-रे फिल्म उजेडात धरून बघत होते. आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल. त्या फिल्मवर डीएनएच्या तुकड्यांच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. दुकानातल्या वस्तूंवर बारकोड असतो ना, साधारण तशाच. प्रत्येक माणसाच्या रेघा वेगळ्या! फिल्मवर त्यांच्या एका सहायिकेच्या आणि तिच्या आईवडिलांच्याही रेघा होत्या. जेफ्रीजना चटकन दिसलं, की मुलीच्या काही रेघा आईकडून आल्यात आणि उरलेल्या वडिलांकडून. 'डीएनए फिंगरप्रिंट' म्हणजे डीएनएचा ठसा, तो असा सापडला.

बातमी वर्तमानपत्रात आली. तुम्हाला वाटेल, पहिल्यांदा धावत आले असतील पोलीस. खून, दरोडे आणि डीएनए असं आपण टीव्हीवर बघतोच की! पण नाही. पोलिसांचा तो पहिला गाजलेला खटला नंतरचा. सगळ्यात आधी पत्र आलं ते एका वकीलबाईंचं, आणि ते एका मुलासाठी होतं.

घानाहून आलेला मुलगा

हा मुलगा जन्मला ब्रिटनमध्ये. मग तो आफ्रिकेतल्या घाना देशात वडिलांकडे राहायला गेला. काही वर्षांनी तो एकटाच ब्रिटनला परत आला. तिथे त्याची आई, भाऊ आणि दोन बहिणी होत्या. अधिकाऱ्यांना शंका आली, की हा तो मुलगाच नव्हे. बाईंच्या घानातल्या बहिणीचा मुलगा तर नसेल? म्हणजे ही आई नसून मावशी तर नाही?

रक्तगटासारख्या जुन्या चाचण्या झाल्या. त्यातून एवढंच कळलं, की दोघं एकमेकांचे नातेवाईक आहेत. पण आई की मावशी, ते सांगता येईना. आणि वडील तर तपासणीला उपलब्धच नव्हते. मुलाला देशाबाहेर पाठवण्याची वेळ आली होती.

जेफ्रीजनी काय केलं असेल? चला, आपणच सोडवू या. रेघांना आकडे देऊ.

आईच्या रेघा: १, ४, ६, ९.
पहिल्या मुलाच्या: १, ६, ११, १५.
दुसऱ्या मुलाच्या: ४, ९, ११, १८.
तिसऱ्या मुलाच्या: १, ९, १५, १८.

या तीन मुलांबद्दल कुणालाच शंका नव्हती. त्यांच्या ज्या रेघा आईकडे नाहीत, त्या आल्या कुठून? अर्थात वडिलांकडून! म्हणजे ११, १५ आणि १८ या वडिलांच्या रेघा. पाहिलंत? वडील समोर नसताना त्यांच्या रेघा सापडल्या!

आता नव्या मुलाच्या रेघा समजा आहेत ४, ६, ११, १८. चार आणि सहा आईच्या, अकरा आणि अठरा वडिलांच्या. एकही रेघ परकी नाही. तो मावशीचा मुलगा असता, तर त्याच्याकडे त्याच्या स्वतःच्या वडिलांच्या रेघा असत्या, समजा १२ आणि १७. त्या या घरात कुणाकडेच सापडल्या नसत्या.

खऱ्या तपासणीत चार नव्हे, डझनावारी रेघा होत्या. पण युक्ती हीच. मुलाच्या सगळ्या रेघा घरातल्याच निघाल्या. १९८५ साली अधिकाऱ्यांनी आपली हरकत मागे घेतली, आणि मुलगा आईजवळ राहिला. जगात डीएनएच्या ठशाचा पहिला उपयोग झाला तो असा, एका मुलाला त्याची आई मिळवून द्यायला. त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञानाच्या प्रसिद्ध नियतकालिकात ही हकीकत छापून आली.

विज्ञान जिंकलं, पण वेळ?

सिल्हेटच्या मुलांचं पुढे काय झालं? पूर्वी नकार मिळालेल्या कित्येकांची नाती डीएनएनं खरी ठरवली. १९९१ पासून ब्रिटन सरकारनं ही तपासणी स्वतः सुरू केली. पण तोवर अनेक मुलं अठरा वर्षांची होऊन गेली होती. आणि नियम तर लहान मुलांसाठी होता! "तू खरंच यांचा मुलगा आहेस, पण आता तू मोठा झालास," असं उत्तर त्यांना मिळालं. विचार करा, केवढी चुटपुट लागली असेल! बाबा बाबाच होते, हे सिद्ध झालं, पण बाबांबरोबर राहायचं वय निघून गेलं.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात एक कलम आहे. मुलांनी किंवा आईवडिलांनी एकत्र राहण्यासाठी दुसऱ्या देशात जायचा अर्ज केला, तर तो माणुसकीनं आणि लवकर हाताळावा, असं त्यात म्हटलंय. भारतानं हा करार १९९२ साली स्वीकारला.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. डीएनए सगळं सांगत नाही. दत्तक घेतलेल्या मुलाच्या रेघा आईबाबांशी जुळत नाहीत. म्हणून काय ते आईबाबा नव्हेत? आहेतच! तिथे दत्तकविधानाचे कागद बोलतात. आणि डीएनए सक्तीनं मागणंही योग्य नाही. ब्रिटनमध्ये काही गुरखा आणि अफगाण कुटुंबांकडून अशी सक्ती झाली होती. ती चुकीची होती, म्हणून तिथल्या गृहमंत्र्यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये संसदेत माफी मागितली.

आपल्या घरातले कागद

"आपल्याला कुठं जायचंय परदेशात?" असं म्हणू नका. आज नाही, उद्या ताई-दादाला जायचं असेल. आणि आपल्या मराठी घरांतल्या काही गमती परदेशी अधिकाऱ्याला कोड्यात टाकतात.

पहिली गंमत नावाची. आपण मधे वडिलांचं नाव लावतो. आई लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलते. पुष्कळ घरांत तर तिचं पाळण्यातलं नावही बदलतं! माहेरची सुमन सासरी सुनीता होते. जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं. आपल्याला ती एकच, पण कागदावर दोन बायका! मग लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद लागते.

दुसरी गंमत तारखेची. आजोबांची जन्मतारीख विचारा. १ जून असेल, तर नवल नाही! पूर्वी पोराला शाळेत घालताना तारीख ठाऊक नसली, की गुरुजी सरळ १ जून टाकून देत.

तिसरी गंमत आकड्यांची. ०३/०७ म्हणजे आपल्यासाठी ३ जुलै. अमेरिकेत तेच ७ मार्च होतं, कारण तिथे महिना आधी लिहितात.

आईबाबांना वाचून दाखवा

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, असं १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा सांगतो. खेड्यात ती ग्रामपंचायतीत होते, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. पण बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली, की नावाची जागा कोरी राहते. अशा नोंदीत पंधरा वर्षांपर्यंत नाव घालता येतं, आणि पहिल्या वर्षात त्याला शुल्कही पडत नाही. म्हणून तुमचा दाखला आजच बघायला सांगा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत तर जन्मतारखेचा मुख्य पुरावा हा दाखलाच मानला जातो.

दाखला फक्त मराठीत असेल, तर इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं. मूल आई किंवा बाबा यांपैकी एकाबरोबरच जात असेल, तर दुसऱ्याचं संमतीपत्र पुष्कळदा मागतात. आणि नियम बदलतात! ब्रिटननं जानेवारी २०२४ पासून बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब बरोबर आणायची मुभा बंद केली. म्हणून माहिती एजंटाच्या तोंडची नको, त्या देशाच्या वकिलातीकडूनच घ्यावी. पैसे घेऊन "कागद करून देतो" म्हणणाऱ्याला तर दारातूनच नमस्कार. एक खोटा कागद सापडला, की नव्वद खरेही संशयात येतात.

मुलाखतीला जावं लागलं, तर पाठ केलेली उत्तरं देऊ नका. खरं तेच सांगा. ठाऊक नसेल, तर "ठाऊक नाही" म्हणा. तेही खरंच उत्तर आहे.

करून पाहा

रविवारी घरातल्यांना जमवा. एक वही घ्या. तुमचा जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेतली नोंद आणि असल्यास पासपोर्ट समोर ठेवा. चार रकाने आखा: तुमचं नाव, आईचं नाव, बाबांचं नाव, जन्मतारीख. प्रत्येक कागदावर जसं लिहिलंय, तसंच उतरवा. एक अक्षरही सुधारू नका. मग जिथे फरक दिसेल, तिथे लाल पेन्सिलीनं खूण करा.

किती खुणा झाल्या, ते मोजा आणि वही आईबाबांकडे द्या. खुणा दुरुस्त करायला आता पुष्कळ वेळ आहे.